गुलाब कोणी आणले?

युद्धावरून मुलगा सुखरूप परतला की घराचे दुःख संपले, असे आपण धरून चालतो. फ्रँक गिलरॉय या अमेरिकन नाटककाराने आपले नाटक तिथूनच सुरू केले. ‘द सब्जेक्ट वॉज रोझेस’ हे नाटक १९६४ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि १९६५ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. गिलरॉय स्वतः दुसऱ्या महायुद्धात युरोपात सैनिक होता.

काळ १९४६ चा मे महिना. स्थळ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले एक मध्यमवर्गीय घर. पात्रे अवघी तीन : कॉफीच्या धंद्यातला बाप जॉन, आई नेटी आणि सैन्यातून सुटून आलेला त्यांचा एकुलता मुलगा टिमी. रंगमंचावर एकही गोळी सुटत नाही. लढाई आहे ती नवराबायकोची, आणि ती फार जुनी आहे. युद्धावर जाण्यापूर्वी टिमी आईच्या पक्षाचा होता. परत आल्यावर त्याला बापाची बाजूही दिसू लागते. एवढ्यानेच घरातले सारे बलाबल ढळते.

मग टिमी मध्यस्थी करू पाहतो. आईसाठी तो गुलाब आणतो, पण ते बापाने आणले असे तिला भासवतो. आई हरखून जाते. तिघे आनंदाने बाहेर फिरून येतात. रात्री मात्र नवराबायकोत ठिणगी पडते, फुलदाणी फुटते आणि गुलाबांचे खरे बाहेर येते. दुसऱ्या दिवशी आई साठवलेली नाणी घेऊन, कोणाला न सांगता घराबाहेर पडते, ती रात्रीच परतते.

माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले. एका संपात मालकाच्या तोंडचा म्हणून एक गोड शब्द मीच रचून कामगारांना सांगितला होता. हेतू चांगला होता. दोन दिवसांत तो खोटा ठरला, आणि पुढे वर्षभर माझ्या खऱ्या शब्दालाही कोणी किंमत दिली नाही. म्हणून टिमीची चूक मला परकी वाटत नाही. दुसऱ्याच्या नावाने केलेला समेट टिकत नाही. ज्याचे त्याने बोलावे लागते.

टिमीला हे शेवटी उमगते. तो घर सोडून जायचे ठरवतो. पण जाण्यापूर्वी बापावरचे प्रेम स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि बापलेक एकमेकांना मिठी मारतात. आईबापांचे भांडण मिटत नाही. पण त्या घरात निदान एक वाक्य तरी खरे बोलले जाते, आणि त्यासाठी कोणाला गुलाब आणावे लागत नाहीत.