संख्येचे उत्तर, संगणकाची तपासणी

मूडलसारख्या प्रणालीवर गृहपाठ देताना संख्यात्मक प्रश्नासाठी बरोबर उत्तराइतकीच महत्त्वाची असते ती मान्य तफावत. समजा, प्रश्न आहे : २० मीटर उंचीवरून सोडलेला दगड किती सेकंदांत जमिनीवर पोहोचेल? गुरुत्वीय त्वरण ९.८ धरल्यास उत्तर २.०२ येते, १० धरल्यास २.००. रीत दोन्हींची बरोबर, म्हणून ०.०३ ची तफावत मान्य करावीशी वाटते. पण सूत्र विसरून २० ला ९.८ ने भागणाऱ्याचे उत्तर २.०४ येते आणि त्यालाही पूर्ण गुण मिळतात!

उपाय आकडे बदलण्यात आहे. उंची ४५ मीटर घेतली, की बरोबर उत्तरे ३.०३ आणि ३.०० येतात, चुकीच्या रीतीचे ४.५९. आता ०.०५ ची तफावत निर्धास्तपणे देता येते. ४.५९ हे उत्तरही शून्य गुणांसह नोंदवून ठेवावे आणि त्यासोबत ‘सूत्र पुन्हा पाहा’ असा अभिप्राय जोडावा. एकक व दशांश स्थळे प्रश्नातच स्पष्ट सांगावीत.

प्रश्न प्रसिद्ध करण्यापूर्वी संभाव्य चुकांची उत्तरे स्वतः काढून पाहावीत. रीत समजलेल्या विद्यार्थ्याचे गुण केवळ पूर्णांकनामुळे जाऊ नयेत, ही शिक्षकाचीच जबाबदारी आहे.