शुभ्र शिधापत्रिकेचा संसार

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलनंतर लागणारे पेण आणि तेथून नागोठण्याच्या बाजूने पुढे गेल्यावर येणारे रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन्ही तालुक्याची गावे लोकसंख्येने लहान आहेत. २०११च्या जनगणनेत पेण नगर परिषदेच्या हद्दीत ३८ हजारांच्या आसपास आणि रोहा-अष्टमीच्या हद्दीत २१ हजारांच्या आसपास माणसे राहत होती. तथापि १९८६ साली रोह्यापर्यंत आलेली रेल्वे आणि त्याहून जुना महामार्ग यांमुळे येथील बाजार मुंबईशी इतका जोडला गेला आहे, की वाशीच्या घाऊक बाजारात भाव चढला की त्याचे पडसाद पेणच्या भाजीबाजारात लगेच उमटतात. येथील मिळकती मात्र तालुक्याच्या गावाच्याच मापाने ठरत आल्या आहेत, आणि मुंबईच्या जवळचे भाव व तालुक्याचे उत्पन्न यांच्यातील हे अंतर हाच येथील मध्यमवर्गाच्या अडचणीचा गाभा आहे.

हा मध्यमवर्ग एकजिनसी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक, कचेरीतील लिपिक, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत पाळीने काम करणारे तंत्रज्ञ, नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पात किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कायम अथवा कंत्राटी नोकरी करणारे कामगार, छोटे दुकानदार आणि गणेशमूर्तींचे कारखानदार अशा सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यांतील मूर्तीच्या कारखानदाराची स्थिती सर्वांत निराळी असते, कारण माती, प्लास्टर, रंग आणि मजुरी यांवर त्याचा पैसा वर्षभर अडकून पडतो, तर त्याची मुख्य वसुली भाद्रपदाच्या आगेमागेच होते. मधल्या महिन्यांत घरखर्च व व्याज दोन्ही उसनवारीवर भागवावे लागतात.

महागाईचे अधिकृत मोजमाप ग्राहक किंमत निर्देशांकाने होते. सामान्य कुटुंब ज्या वस्तू व सेवा घेते त्यांची एक यादी ठरवून, प्रत्येक बाबीला तिच्यावरील खर्चाच्या प्रमाणात भार देऊन काढलेली किमतींची सरासरी म्हणजे हा निर्देशांक होय. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत, जी दशकाहून अधिक काळ वापरात राहिली, अन्नपदार्थ व पेये यांचा एकत्रित भार सुमारे ४६ टक्के होता. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली दाखवून दिले होते, की उत्पन्न वाढत जाते तसतसा अन्नावरील खर्चाचा वाटा कमी होतो, आणि भारतातही तसेच घडले आहे. २०२३-२४च्या राष्ट्रीय कौटुंबिक खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या दरमहा खर्चात अन्नाचा वाटा ४० टक्क्यांच्या किंचित खाली आढळला. याचा व्यावहारिक परिणाम असा, की कांदे-टोमॅटो स्वस्त झाले की निर्देशांक लगेच खाली येतो आणि महागाई आटोक्यात आल्याचे जाहीर होते, परंतु ज्या घराचा पैसा शिकवणी, प्रवास, औषधे, भाडे आणि कर्जाचे हप्ते यांत जातो त्या घराला त्या घसरणीतून फारसे काही मिळत नाही. शिवाय त्या मालिकेच्या ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला भारच नव्हता. औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या खेड्यात खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराचे भाडे कितीही वाढले, तरी ग्रामीण महागाईच्या हिशेबात ते येत नव्हते.

निर्देशांकाला न दिसणारी खर्चाची आणखी एक वाढ आहे आणि ती या भागात फार महत्त्वाची आहे. पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीच्या भरतीला बांध घालून राखलेल्या भातजमिनींच्या पट्ट्यात, आणि रोह्याच्या कुंडलिका खोऱ्यात नोकरदार कुटुंबांचीही गावी थोडीफार शेती असे. तिच्यातून वर्षाचा तांदूळ आणि वाल घरात येत आणि पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीत, जिला येथे आगोट म्हणतात, सुकट, सोडे, बोंबील, मसाला, पापड आणि सरपण भरून ठेवले जाई. पगार लहान असूनही संसार चालत असे तो या बेगमीच्या बळावर, कारण पगाराला धान्याचा भार उचलावा लागत नसे. बांध फुटून खारे पाणी शिरलेली शेते नापीक झाली, काही जमिनी प्रकल्पांसाठी गेल्या, काही वाटण्यांत तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या, आणि मग तोच तांदूळ दरमहा किराणा दुकानातून येऊ लागला. अशा कुटुंबाचा खर्च तांदळाचा भाव न वाढताही वाढला आहे. या हानीची नोंद कोठेही होत नाही, आणि भाजीच्या भावावर जितकी चर्चा होते तितकी तिच्यावर होत नाही, ही गोष्ट खेदाची आहे.

शासनाच्या दृष्टीने मध्यमवर्ग कोणता, हे महाराष्ट्रात शिधापत्रिकेच्या रंगावरून कळते. १ मे १९९९पासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना पिवळी, वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या वर परंतु १ लाखाच्या आत असणाऱ्यांना केशरी आणि त्याहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांना शुभ्र. १९९९ साली १ लाख रुपये ही सुस्थितीची खूण मानता येत असे. पुढे रुपयाचे मोल घटत गेले, तरी ही रेषा दीर्घकाळ तेथेच राहिली, आणि महिन्याला साडेआठ हजार मिळवणारा दुकानातील नोकरही कागदोपत्री शुभ्र पत्रिकेच्या वर्गात जाऊन बसला. याचे गांभीर्य आजारपणात कळते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता, परंतु ती पिवळ्या व केशरी पत्रिकाधारकांसाठी होती. शुभ्र पत्रिकाधारकाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जावे किंवा कामोठे, नवी मुंबई अथवा मुंबई गाठून स्वतःच्या खिशातून बिल भरावे, एवढेच पर्याय उरत. त्याच योजनेचे पुढचे रूप असलेली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व पत्रिकाधारकांना ५ लाख रुपयांपर्यंत खुली करण्याचा निर्णय २०२३ साली झाला, तोवर अनेक घरांतील दागिने आणि मुदतठेवी शस्त्रक्रियांवर खर्ची पडल्या होत्या.

पगाराच्या रचनेतही मुंबई आणि तालुका यांच्यातील अंतर दिसते. केंद्र सरकारच्या नियमांत शहरांचे तीन वर्ग आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यावर पहिल्या वर्गातील मुंबईसाठी घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला, तर पेण-रोह्यासारखी गावे ज्या तिसऱ्या वर्गात येतात तेथे तो १० टक्के राहिला. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची स्थिती याहून अवघड आहे, कारण १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४पासून दरमहा १ हजार रुपये ठरले, बहुतेकांचे निवृत्तिवेतन काही हजारांतच राहते आणि महागाईप्रमाणे ते आपोआप वाढत नाही.

अशा माणसाला शेवटचा आधार असतो तो ठेवींवरील व्याजाचा, आणि पेणमध्ये तो आधारच तुटला. सप्टेंबर २०१०मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. शेकडो कोटी रुपयांच्या बोगस कर्जखात्यांचे प्रकरण उघडकीस आले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला ठरावीक रकमेपर्यंत भरपाई देणारी व्यवस्था, देशात १९६२पासून अस्तित्वात आहे, परंतु त्या वेळी तिची मर्यादा प्रति ठेवीदार १ लाख रुपये होती आणि ती १९९३पासून बदललेली नव्हती; ५ लाखांची मर्यादा २०२०मध्ये आली. मुलीच्या लग्नासाठी, घरासाठी किंवा उतारवयासाठी ठेवलेली रक्कम गोठली असताना किराणा, वीज आणि शाळेची फी मात्र थांबली नाही. ठेवीदारांनी संघर्ष समिती स्थापून मोर्चे, न्यायालये आणि मंत्रालय असे सर्व मार्ग वर्षानुवर्षे चोखाळले, त्यांतील कित्येक वृद्ध पैसे हाती येण्यापूर्वीच गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण ज्या रोह्यात गेले त्याच्या शेजारच्याच तालुक्यात हे घडावे, ही बाब विसरण्याजोगी नाही. देशभरातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी वगैरेंतून कर्जे वजा जाता उरणारी शिल्लक, २०२२-२३ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास घसरली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली; पेणच्या कुटुंबांची बचत त्याच्या एक तप आधीच नाहीशी झाली होती.

या पार्श्वभूमीवर मुंबईचे विस्तारत येणे पाहावे लागते. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रावर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर उभारण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली. ज्यांच्याजवळ सातबारा आहे त्यांना यातून भाव मिळेल. पगारावर जगणाऱ्या, जमीन नसलेल्या किंवा ती पूर्वीच गेलेल्या कुटुंबाच्या वाट्याला मात्र आधी वाढलेले भाडे आणि चढलेल्या सदनिकांच्या किमती येतात. नवनगराच्या आराखड्यात भाड्याची परवडणारी घरे किती असतील, पेण-रोह्याचा घरभाडे वर्ग केव्हा बदलेल आणि १९९९ची उत्पन्नरेषा कोण हलवील, हे प्रश्न जमिनीच्या मोबदल्याइतक्याच आग्रहाने शासनापुढे मांडले जायला हवेत, आणि ते मांडण्याची वेळ आराखडे कागदावर आहेत तोवरचीच आहे.