दलालाआधी परवाना पाहा

भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढून मनुष्यबळ व्यवस्थापन शिकलेल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या कार्यमूल्यमापनाच्या क्षेत्रात परदेशी नोकरी वा प्रशिक्षण शोधणाऱ्या तरुणांनी, दलालाच्या हाती रक्कम ठेवण्यापूर्वी त्याची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पडताळावी; कारण १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये परवान्याविना अशी नोकरभरती करणे गुन्हा आहे, आणि परवानाधारकासही ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेण्याची मुभा नाही. नोकरी देणारा मालकही पडताळावा; उदाहरणार्थ, ब्रिटनचे सरकार व्हिसा पुरस्कृत करण्याचा परवाना असलेल्या मालकांची यादी जाहीर करते. तीत नाव नसलेल्या मालकाचे नियुक्तिपत्र, कितीही मोहरबंद असले तरी, पुरस्कृत व्हिसाच्या कामी निरुपयोगी होय. पगार, मुदत, करारनामा यांची लेखी खातरजमा करा, अस्सल दस्तऐवज जपा, आणि ही माहिती गरजूंपर्यंत अवश्य पोहोचवा.