रस्ता ओलांडायला चाळीस रुपये

ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं असेल, तर हा एपिसोड इथे वाचा.

मी रोज महापेहून शीळफाट्यावर उतरतो. हल्ली फाट्याचं नाव बुलेट ट्रेनमुळे बातम्यांत असतं. बीकेसीपासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला सात किलोमीटर खाडीखालून. जमिनीच्या वर मात्र मला दोन मिनिटं चालायचं असतं आणि तेवढ्यात दोनदा धावावं लागतं.

मागच्या महिन्यात आई सोबत होती. गुडघे दुखतात तिचे. अर्धा रस्ता पार झाला आणि डिव्हायडरशी आम्ही अडकलो. उभं राहायला जेमतेम पाऊलभर जागा. मागून ट्रक, पुढून ट्रक. आईने माझं मनगट जे धरलं, ते घरी पोचल्यावर सोडलं. त्या रात्री झोप येईना, म्हणून गणित मांडलं.

आता गणित ऐका. रस्ता सहा लेनचा आहे. एक लेन साधारण साडेतीन मीटरची धरली, तर डिव्हायडरपर्यंतच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. आई ०.८ मीटर. म्हणजे तिला अर्ध्या रस्त्यालाच तेरा सेकंद लागतात. ताशी ६० च्या स्पीडने येणारा ट्रक तेरा सेकंदांत जवळजवळ २२० मीटर पुढे येतो. म्हणजे संध्याकाळी, हेडलाइटच्या उजेडात, २२० मीटर लांबच्या ट्रककडे बघून तिने ठरवायचं की जाऊ की थांबू. आणि लोक म्हणतात, 'बघून चालत जा'!

आमच्या भाषेत याला हॅपी पाथ कोडिंग म्हणतात. युजर तरुण आहे, त्याला नीट दिसतं, हातात पिशवी नाही, असं गृहीत धरून प्रोग्राम लिहायचा आणि बाकीचे युजर क्रॅश झाले की दोष युजरचाच.

गंमत म्हणजे स्पेसिफिकेशन आपल्याकडे आधीपासून आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मानक, आयआरसी १०३. फुटपाथवर चालायची मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. का १.८? समोरासमोरून आलेल्या दोन व्हीलचेअर निघून जाव्यात म्हणून. दुकानांच्या ओळीपुढे ती आणखी जास्त लागते. फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर आजी-आजोबा चढतच नाहीत, रस्त्यावरूनच चालतात. आणि मोकळी म्हणजे खरंच मोकळी: मध्ये डीपी नको, झाड नको, वडापावची गाडी नको. (वडापाव हवा, पण त्याला वेगळी पट्टी आखून द्या.)

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या डिझाइनची स्वतःची नियमावली केली. जंगली महाराज रोडवर गेला असाल तर त्याचं रूप तुम्ही पाहिलंच आहे: रुंद फुटपाथ, बसायला बाकं. सगळ्या पुण्यात तसं झालेलं नाही, हे पुणेकर मला कॉमेंटमध्ये सांगतीलच.

पण जे. एम. रोड उचलून शीळफाट्यावर ठेवता येणार नाही. इथून जेएनपीटीचे कंटेनर मुंब्रा बायपासकडे जातात, भिवंडीच्या गोदामांची वाहतूक आहे. कंटेनरला वळायला मोठं वळण लागतं आणि ते खरंच लागतं. अडचण अशी की मोठं वळण दिलं की कारवालाही स्पीड कमी न करता वळतो, आणि नेमका तिथेच माणूस उभा असतो. यावर एक साधा उपाय आहे. वळणाच्या आतल्या कडेला थोडा उंच, खडबडीत पट्टा करायचा. कंटेनरची मागची चाकं त्यावरून जातात. कारवाला तो टाळतो, म्हणून त्याला हळू वळावं लागतं. दुसरा उपाय डिव्हायडरमध्ये थांबायची जागा. दोन मीटर खोल, दोन्ही बाजूंनी कठडा. मग आईला एका वेळी तीनच लेनचा विचार करावा लागेल. आणि सिग्नलचा हिरवा वेळ तिच्या चालीवर मोजलेला हवा, माझ्या नाही.

'पादचारी पूल बांधा ना!' असं कुणीतरी म्हणतंच. गुडघे दुखणाऱ्या बाईला जिने चढायला लावून गाड्यांना सरळ जाऊ द्यायचं, हे मला पटत नाही. लिफ्ट असली आणि ती चालू राहिली, तर बोलू.

स्पीडबद्दल एवढंच: वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते. दहावीचं फिजिक्स. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ चालत होती.

मग हे करणार कोण? ठाणे जिल्ह्यात एक रस्ता महापालिकेचा, दुसरा एमएसआरडीसीचा, तिसरा एमएमआरडीएचा. तक्रार करताना आधी रस्ता कोणाचा ते शोधा, नाहीतर अर्ज फिरत राहतो. माझा फिरतोय. अर्जात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८-अ लिहा. ठरवलेली मानकं न पाळल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर रस्ता बांधणाऱ्याला आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सोबत टेप धरून काढलेले फोटो जोडा. 'फुटपाथ खराब आहे' असं लिहू नका, 'इथे ६० सेंटिमीटर आहे, १८० हवा' असं लिहा.

आईचं म्हणाल तर ती पलीकडच्या दवाखान्यात आता रिक्षाने जाते. रिक्षा पुढे जाते, यू-टर्न घेते आणि परत येते. दवाखाना आमच्या गॅलरीतून दिसतो. जायचे चाळीस, यायचे चाळीस.