एकाला मारलं, सगळे का पडले?

महिनाअखेर. अहवालाची एक क्वेरी तासभर अडून बसलेली आणि हिशेब विभागाचे फोनवर फोन. सर्व्हर सांभाळणारा प्रोसेसचा नंबर शोधतो आणि ‘किल -९’ देऊन मोकळा होतो. ती क्वेरी जाते, पण तिच्याबरोबर बिलिंग, गोदाम, वेबसाइट अशी सगळ्यांचीच कनेक्शनं तुटतात.

डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल असेल, तर हे ठरल्याप्रमाणेच झालेलं असतं. तिथे ‘पोस्टमास्टर’ ही मुख्य प्रोसेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी बॅकएंड प्रोसेस उभी करते. डेटाची पानं आणि लॉक मात्र सगळ्यांच्या सामाईक मेमरीत असतात. ‘किल -९’ने पाठवलेला सिग्नल ९ आला की कर्नल प्रोसेसला परस्पर संपवतो, आवराआवरीला क्षणही मिळत नाही. खतावणीत नोंद लिहिता लिहिता कारकुनाला उचलून नेलं, तर त्या पानावर भरवसा कोण ठेवणार? पोस्टमास्टरही ठेवत नाही. तो उरलेल्या बॅकएंडना बाहेर काढतो, मेमरी नव्याने मांडतो आणि शेवटच्या चेकपॉइंटपासूनचे बदल राइट-अहेड लॉगमधून पुन्हा लावतो. कमिट झालेलं टिकतं, अर्धवट राहिलेलं रद्द होतं.

सर्व्हरच्या लॉगमध्ये सिग्नल ९ दिसतो, पण ‘किल’ कुणीच दिलेलं नाही, असंही होतं. मग ‘डीमेसेज’ बघावा. मशीनची मेमरी संपल्यावर लिनक्सचा ओओएम किलर हेच काम करतो. ‘वर्क_मेम’ या सेटिंगची मर्यादा कनेक्शनमागे नसून प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशमागे असते, हे विसरून ती सढळ हाताने वाढवली की ही वेळ येते.

खरा धोका पोस्टमास्टरलाच सिग्नल ९ देण्यात आहे. मागे ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ फाइल आणि सामाईक मेमरीचा तुकडा उरतो. सर्व्हर पुन्हा सुरू करायला जावं, तर ‘जुना मेमरी ब्लॉक अजून वापरात आहे’ म्हणून तो नकार देतो. इथे फाइल उडवायचा मोह होतो. पण त्या संदेशाचा अर्थ बहुधा जुना बॅकएंड अजून जिवंत आहे, असाच असतो. २०१३च्या ९.३ आवृत्तीपासून बहुतेक सामाईक मेमरी शेवटची प्रोसेस संपताच कर्नल आपोआप सोडवतो. फाइल काढून नवा सर्व्हर चढवला, तर जुने-नवे दोघेही त्याच डेटावर लिहितील आणि डेटा कायमचा बिघडेल. आधी ‘पीएस’ने उरलेल्या प्रोसेस शोधून थांबवाव्यात, मगच सर्व्हर सुरू करावा.

अडलेल्या क्वेरीला आधी ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’, न ऐकल्यास ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’. अख्खा सर्व्हर थांबवायचा तर ‘पीजी_सीटीएल स्टॉप -एम फास्ट’, अगदीच अडलं तर ‘इमिजिएट’. त्यानंतर रिकव्हरी करावी लागते, पण ती सिग्नल ९पेक्षा परवडते. प्रोसेस डिस्कची वाट बघत ‘डी’ अवस्थेत अडकली असेल, तर सिग्नल ९सुद्धा लगेच लागू पडत नाही. तेव्हा दुखणं डेटाबेसचं नसून डिस्कचं असतं आणि इलाजही तिथेच करावा लागतो.