कोळंबीचे वरण-भात

कोळंबीचे कालवण तुम्ही चवीने खाल्ले असेल. पण कोळंबी स्वतः काय खाते, याचा कधी विचार केला आहे का? समुद्रात ती तळाशी फिरून बारीक जीव, शैवाल, कुजके अवशेष असे मिळेल ते खाते. तळ्यात दाटीने वाढवलेल्या कोळंबीला मात्र तयार खाद्याच्या गोळ्या द्याव्या लागतात. भारतीय तळ्यांत आज मुख्यतः व्हन्नामेई जातीची कोळंबी असते. तिच्या खाद्यात सुमारे ३५ टक्के प्रथिने लागतात.

पूर्वी ही प्रथिने बहुतांशी मासळीच्या भुकटीतून मिळत. लहान मासे शिजवून, दाबून, वाळवून व दळून ही भुकटी करतात. तिच्यात ६० ते ७० टक्के प्रथिने असतात. म्हणजे समुद्रावरचा भार हलका व्हावा म्हणून तळी खोदायची आणि तळ्यांसाठी पुन्हा समुद्रच उपसायचा! शिवाय समुद्राचा भरवसा नाही. पेरू देशाच्या किनाऱ्यावर १९७० साली अँकोव्हेटा मासळी १ कोटी २० लाख टनांहून अधिक मिळाली. बेसुमार मासेमारी चालू असतानाच १९७२ साली ‘एल निन्यो’मुळे पाणी तापले. १९७३ साली हातात पडली ती जेमतेम २० लाख टन.

मग विदर्भ-मराठवाड्यात पिकणाऱ्या सोयाबीनची पेंड का वापरू नये? तिच्यात ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात. परंतु प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. एक मणी कमी पडला, तरी माळ अपुरी राहते. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींचेही तसेच. धान्यांत ते पुरेसे असते, पण लायसिन कमी असते. म्हणून तर वरण आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात! हीच युक्ती कोळंबीसाठीही चालते. सोयापेंडीला मक्याच्या किंवा गव्हाच्या ग्लुटेनची जोड देतात.

अडचणी आणखीही आहेत. कच्च्या सोयाबीनमधील एक द्रव्य प्रथिनांचे पचन रोखते; उष्णता दिल्यावर ते निकामी होते. फायटिक आम्ल फॉस्फरस अडवून ठेवते. त्यावर फायटेज हे विकर उपयोगी पडते. कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. ते वेगळे घालावे लागते. कोळंबी खाद्य शोधते ते वासावर, म्हणून सागरी वासाचा थोडा अंश ठेवावा लागतो. या सर्व गोष्टी साधल्या, तर मासळीच्या भुकटीशिवायही व्हन्नामेई चांगली वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे.

कोळंबी गोळी गिळत नाही, कुरतडत बसते. गोळी लवकर विरघळली, तर खाद्य वाया जाते आणि तळे नासते. येथेही गव्हाचे ग्लुटेन कामी येते. ते कसे, हे घरीच पाहा. कणकेचा घट्ट गोळा वाडगाभर पाण्यात हळूहळू मळत धुवा. पांढरा स्टार्च निघून जाईल. हातात जो चिवट, रबरासारखा भाग उरेल, तेच ग्लुटेन. कोळंबीच्या गोळीला पाण्यात एकत्र धरून ठेवणारा गोंद तोच!