तिघांत मेन कोण?

मागच्या व्हिडिओत आपण हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद पाहिला. गाव आधी पाऊस मोजतं, पिण्याचं पाणी बाजूला काढतं, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. शूटिंग संपल्यावर तिथेच तीन मित्र भेटले. पनीर-तुपाचा धंदा भागीदारीत करायचाय, भांडवल जमलंय, पण गाडी एकाच ठिकाणी अडलीय. "सर, तिघांत मेन कोण?"

मी त्यांना शंकर-एहसान-लॉय सांगितले.

काम सिनेमाचं असलं तरी हा मुळात तिघांचा बँडच आहे. एहसान नूरानींची गिटार, लॉय मेंडोन्सांचा कीबोर्ड आणि शंकर महादेवन यांचा गळा. शंकर आधी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कर्नाटक संगीतात वाढलेले, शिवाय श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले. तिघंही जिंगल्सच्या दुनियेतले. (काही सेकंदांत गिऱ्हाईक पकडायची सवय तिथलीच!) 'दस' या चित्रपटासाठी एकत्र आले, आणि १९९७ मध्ये दिग्दर्शक मुकुल आनंदच गेले. पिक्चर अर्धवट राहिला. पहिलीच मोठी ऑर्डर बुडाली म्हणा ना. तरी तिघं फुटले नाहीत. २००० ला 'मिशन कश्मीर', २००१ ला 'दिल चाहता है'.

आता माझ्या आवडीचा भाग. २००८ चा 'रॉक ऑन' ऐका. घरात शंकरसारखा गळा, तरी बहुतेक गाणी फरहान अख्तरच्या आवाजात. का? गोष्ट एका बँडची, पडद्यावर गाणारा तोच, आणि त्याचा खरखरीत आवाजच तिथे खरा वाटतो. गिटार एकदम पुढे. मग २०१५ चा 'कट्यार काळजात घुसली' लावा. अभिषेकीबुवांची जुनी पदं ठेवली, नवी जोडली. इथे मात्र शंकर स्वतः गायले, वर पंडितजींची भूमिकाही केली. पुढे कोण उभं राहणार, हे कामाने ठरवलं. जसं हिवऱ्यात पीक पाऊस ठरवतो, कुणाचा वट नाही.

"पण सर, शंकरचं नाव पहिलं आहे ना!" तिघांतला एक म्हणाला. पॉइंट बरोबर होता, सगळेच हसलो.

मी म्हटलं, "पाटीचं नंतर बघू. दूध घालणाऱ्यांशी बोलायला तुमच्यात चांगलं कोण?"

दोघांनी एकदमच तिसऱ्याकडे बोट दाखवलं.